फाळक्यांचे पुढे काय झाले?

गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत मी ‘भारतीय चित्रपटाचे जनक’ या विषयावर बोललो होतो. भाषण चांगले पाठ झाले होते. विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या, पत्नीचे दागिने गेले, डोळ्यांची दृष्टी जाता जाता वाचली, आणि अखेर ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला, इथपर्यंत मी श्रोत्यांना चढत्या आवाजात आणून सोडले. टाळ्या पडल्या. दुसरे पारितोषिकही मिळाले. बक्षीस समारंभानंतर चहाच्या वेळी परीक्षकांपैकी एक वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “बोललास छान. पण तुझे फाळके त्रेचाळिसाव्या वर्षीच वारले की काय?”

मी हसलो. ते मात्र हसले नाहीत. “अरे, माणूस पुढे जवळजवळ एकतीस वर्षे जगला. त्याचे काय झाले ते कोणी सांगतच नाही,” एवढे बोलून ते दुसऱ्या मुलाकडे वळले.

तो प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. या लेखात मी जे मांडणार आहे ते चित्रपटाच्या अभ्यासकांना नवे नाही, आणि माझा तसा अधिकारही नाही. तरीही ज्या पद्धतीने आपण शाळेत, स्पर्धांत आणि जयंतीच्या भाषणांत दादासाहेबांची गोष्ट सांगतो ती अर्धवट आहे, आणि ती अर्धवट ठेवण्यात आपली एक सोय दडलेली आहे, असे माझे मत झाले आहे. ते आपल्यासमोर ठेवतो. प्राध्यापकवर्गाने आणि मित्रांनी ते पटल्यास स्वीकारावे, न पटल्यास खोडून काढावे.

आरंभ जिथून आपण नेहमी करतो तिथूनच करू. एक वेडा माणूस ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहतो, त्याला पडद्यावर येशूच्या जागी राम आणि कृष्ण दिसू लागतात, आणि तो सर्वस्व पणाला लावतो. यातला प्रसंग खरा आहे. फाळक्यांनी स्वतःच १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिलेल्या लेखमालेत तो सांगितला आहे. ‘वेडा’ हे विशेषण मात्र आपले. तो चित्रपट पाहिला तेव्हा फाळके चाळिशीला आलेले होते, आणि त्या चाळीस वर्षांत त्यांनी काय काय केले होते ते पाहिले की हे विशेषण गळून पडते.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा शास्त्रीबुवांचा मुलगा १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकला. चित्रकला आली, छायाचित्रण आले, छपाईचे तंत्र आले. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय करून पाहिला. तिथेच प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. नाटकांचे पडदे रंगवले. जादूचे प्रयोग शिकून ते केले, आणि आपलेच आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केल्फा’ हे नाव धारण केले. पुराणवस्तू खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी केली आणि वंगभंगाच्या चळवळीच्या काळात ती सोडली. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या शिळाछापाचे काम केले, स्वतःचा छापखाना काढला, आणि रंगीत छपाईचे नवे तंत्र पाहण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनी गाठली.

आता विचार करा. चित्रपटाला काय काय लागते? दृश्याची जाण, छायाचित्रणाचे ज्ञान, रसायनांचा सराव, नेपथ्य, यंत्र हाताळण्याची सवय आणि प्रेक्षकाला चकवण्याची जादूगाराची हातचलाखी. हे सारे एकाच माणसाकडे त्या काळी कुणाकडे असेल तर ते फाळक्यांकडे होते. ‘ख्रिस्ताचे जीवन’ पाहताना शेकडो मुंबईकर त्या तंबूत बसले असतील. कल्पना इतर कुणालाही सुचली असती, पण ती अमलात आणण्याची तयारी पंचवीस वर्षे चाललेली होती ती एकाचीच. याला वेड म्हणणे म्हणजे त्या तयारीचा अपमान करणे होय. आपल्याला वेडा माणूस आवडतो, कारण त्याचे अनुकरण करण्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही. पंचवीस वर्षे शिकणारा माणूस आपल्याला अडचणीत टाकतो.

दुसरी गोष्ट दागिन्यांची. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई आपल्या भाषणांत येतात त्या अंगावरचे दागिने उतरवून देण्यापुरत्या. दागिने दिले आणि बाई संपल्या! प्रत्यक्षात काय होते? त्या काळी परदेशातून येणाऱ्या कच्च्या फिल्मच्या कडांना भोके पाडलेली नसत. ती अंधारात बसून, यंत्रावर, एकसारख्या अंतराने पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई करीत. फिल्म धुण्याची रसायने कालवणे त्या शिकल्या. चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतवण्याचे काम त्या करीत. आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही करीत, कारण दादरच्या घरातच कंपनी होती आणि कंपनीतच घर होते. चित्रपटात काम करायला स्त्री मिळेना म्हणून तारामतीची भूमिका ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातल्या अण्णा साळुंके नावाच्या तरुण आचाऱ्याला द्यावी लागली, हे आपण गमतीने सांगतो. पण त्याच वेळी पडद्यामागे एक स्त्री भारतातील पहिली चित्रपट-तंत्रज्ञ म्हणून राबत होती, हे सांगताना आपली जीभ अडते. दागिने देणे हा त्याग झाला. भोके पाडणे हे काम झाले. त्यागाची आरती करता येते. कामाची मात्र नोंद करावी लागते, आणि तीच आपण केलेली नाही.

पहिला चित्रपट नक्की कोणाचा, या वादात मी फार शिरत नाही. दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी, म्हणजे जवळजवळ एक वर्ष आधी, त्याच कॉरोनेशनमध्ये दाखवला गेला, ही वस्तुस्थिती आहे. तो रंगमंचावरील नाटकाचे चित्रीकरण होता, कॅमेरा एका इंग्रज माणसाने चालवला होता आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवली गेली होती, हीही वस्तुस्थिती आहे. त्याच्याही आधी १८९९ मध्ये सावेदादा भाटवडेकरांनी मुंबईत कुस्तीचे चित्रण केले होते. पहिलेपणाचा मान ज्याला द्यायचा त्याला द्यावा. फाळक्यांचे वेगळेपण मला दुसरीकडे दिसते. चित्रपट लिहिण्यापासून धुण्यापर्यंत सगळे इथेच व्हावे, आपल्याच माणसांनी करावे, हा त्यांचा हट्ट होता. १९१२ मध्ये ते दोन आठवडे लंडनला राहिले. तिथे सेसिल हेपवर्थ या निर्मात्याचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कॅमेरा आणि भोके पाडण्याचे यंत्र घेतले आणि परत आले. वाटाण्याच्या दाण्यातून रोप कसे वर येते हे टिपणारी एक छोटी फिल्म करून त्यांनी भांडवलदारांचा विश्वास मिळवला. ते आपल्या उद्योगाला स्वदेशीचा एक भाग मानत. तो काळच तसा होता.

पण इथेच एक गाठ आहे, आणि ती मला स्पर्धेच्या वेळी दिसली नव्हती. कथा स्वदेशी, नट स्वदेशी, राबणारे हात स्वदेशी. कॅमेरा मात्र इंग्लंडचा आणि कच्ची फिल्म परदेशची. रोपटे आपल्या अंगणात होते, पाण्याचा नळ दुसऱ्याच्या घरात. त्यांनी तो बंद केला की आपले रोपटे वाळणार. फाळक्यांच्या आयुष्यात हे दोनदा घडले.

पहिल्यांदा घडले ते १९१४ मध्ये. ‘हरिश्चंद्र’च्या यशानंतर ते मुंबई सोडून नाशिकला गेले. पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या, आणि पडद्यावरचा स्त्रीवेषधारी पुरुषांचा मक्ता मोडला. ‘सत्यवान सावित्री’ झाला. हे तीन चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथे त्यांच्या कामाची वाखाणणी झाली, इंग्लंडमध्येच राहून भारतीय विषयांवर चित्रपट काढावेत असे प्रस्तावही आले. त्यांनी ते नाकारले. आणि महायुद्ध भडकले. परतून पाहतात तो इथल्या सावकारांनी हात आखडता घेतलेला, कच्चा माल महागलेला, कर्ज तसेच. ज्यांनी सोन्याचे अंडे देणारी कोंबडी म्हणून कौतुक केले तेच आता तारण मागू लागले. पुढची दोन-तीन वर्षे ते छोट्या फिल्मा काढत आणि चित्रपट घेऊन गावोगाव हिंडत. ‘चित्रपट कसे तयार करतात’ ही त्यांची फिल्म याच काळातली. तिचे जे तुकडे उरले आहेत त्यांत खुद्द फाळके काम करताना दिसतात. मी ते पाहिले आहेत. अंगात कोट घातलेला एक प्रौढ मनुष्य फिल्मची पट्टी उजेडासमोर धरून निरखतो आहे. त्या नजरेत वेड मला कुठेच दिसले नाही. हिशेब करणारी ती कारागिराची नजर होती.

१९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला. अण्णा साळुंक्यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. लोकांनी गर्दी केली. मद्रासेकडे तिकिटांची नाणी बैलगाडीतून, पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागली, असे सांगतात. पैसा दिसला तसे भांडवलदार आले. १ जानेवारी १९१८ पासून नाशिकला ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ सुरू झाली. फाळके भागीदार झाले. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ हे चित्रपट याच कंपनीचे. ‘कालियामर्दन’मध्ये त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी हिने कृष्णाची भूमिका केली आहे. तो आज बऱ्याच अंशी उपलब्ध आहे आणि शंभर वर्षांनंतरही पाहवतो. त्या पोरीच्या चेहऱ्यावरचे भाव पाहून आमच्या वर्गातल्या, मोबाईलवरून डोके वर न काढणाऱ्या मंडळींनीही डोके वर काढले, हे मी साक्षीने सांगतो.

आणि इथे, १९१९ मध्ये, यशाच्या शिखरावर असताना, फाळके भागीदारांशी बिनसल्यामुळे कंपनी सोडून सहकुटुंब काशीला निघून गेले.

भाषणात ही जागा कोणी घेत नाही. घेतली तरी ‘व्यवहारी भांडवलदारांनी कलावंताला छळले’ एवढे म्हणून पुढे जातो. ते पूर्ण सत्य आहे असे मला वाटत नाही. खर्च किती करायचा, चित्रपट किती दिवसांत पुरा करायचा, शेवटचा शब्द कोणाचा, यावर भांडण होते. छापखान्याच्या दिवसांतही भागीदारांशी त्यांचे असेच फाटले होते. दोनदा तेच घडले तर दोष नुसता समोरच्यांचा नसतो. ज्या माणसाने सगळे स्वतःच्या हाताने उभे केले त्याला दुसऱ्याचा हात आपल्या कामात खपत नाही. तीच त्याची शक्ती असते, आणि तिथेच त्याचे नुकसान होते. दागिन्यांच्या गोष्टीत जो हट्ट आपण पूजतो, तोच हट्ट १९१९ मध्ये त्यांना काशीला घेऊन गेला. एकाची आरती करायची आणि दुसऱ्याकडे डोळेझाक करायची, हा प्रामाणिकपणा नव्हे.

काशीला त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. चित्रपटाशी आपला संबंध संपला असे ते म्हणू लागले. ‘संदेश’कार अच्युतराव कोल्हटकरांसारख्यांनी त्यांना परत फिरण्यासाठी जाहीर गळ घातली. १९२२ मध्ये ते परतले, त्याच हिंदुस्थान कंपनीत. पण आता ते मालक नव्हते, पगारी दिग्दर्शक होते.

या तीन वर्षांत जग कुठच्या कुठे गेले होते. मुंबईत द्वारकादास संपत यांची कोहिनूर कंपनी उभी राहिली होती. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये गाजला होता. याच पेंटरांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढून कर्जात बुडणाऱ्या शेतकऱ्याला पडद्यावर आणले. एका घरात, एका कुटुंबाने, एका माणसाच्या डोक्यातून चित्रपट काढण्याचे दिवस सरले होते. कामाची वाटणी आली, नट-नट्यांची नावे जाहिरातीत ठळक झाली, प्रेक्षकांची आवड बदलली. फाळके पुराणकथांपाशीच राहिले. त्यांनी चित्रपट पुष्कळ काढले, एकूण संख्या नव्वदीच्या वर सांगतात. पण विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील त्यांच्या एखाद्या चित्रपटाचे नाव आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल? मला आले नव्हते.

यात परक्या राज्याचा भाग किती, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. सगळा दोष इंग्रजांवर टाकणे सोपे आहे, आणि अजिबात न टाकणे खोटे आहे. १९१८ मध्ये सिनेमाचा कायदा आला आणि मागोमाग सेन्सॉर मंडळे आली. इथल्या चित्रगृहांत बहुसंख्य चित्रपट अमेरिकेचे लागत. बँका या धंद्याला उभे करीत नसत, त्यामुळे निर्मात्याला जबर व्याजाने पैसा उचलावा लागे. १९२७ मध्ये सरकारने दिवाण बहादूर रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. साम्राज्यात तयार झालेल्या चित्रपटांना, म्हणजे मुख्यतः ब्रिटिश चित्रपटांना, खास सवलत द्यावी की नाही हा तिच्यापुढचा एक मोठा विषय होता. समितीने ती कल्पना उचलून धरली नाही, उलट देशी उद्योगाला साहाय्य करण्याच्या शिफारशी केल्या. फाळक्यांनीही या समितीला आपले लेखी निवेदन दिले होते. ज्याने हा उद्योग इथे रुजवला तो आपण काय केले हे सरकारी समितीला कळवतो आहे, आणि समितीच्या शिफारशी पुढे बहुतांशी कागदावरच राहतात. अशी ही सारी व्यवस्था होती. त्यांच्या हट्टी स्वभावाने त्यांचे नुकसान केले हे खरे. पण स्वतंत्र देशातल्या हट्टी माणसाला उभे राहायला जेवढी जमीन मिळते तेवढी त्यांना मिळाली नाही, हेही खरे.

मग बोलपट आला. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ लागला. त्या वेळी फाळके ‘सेतुबंधन’ करीत होते, आणि तो मूकपट होता! १९३२ मध्ये तो आला, पुढे त्याला ध्वनी जोडण्याची खटपट झाली. त्याच १९३२ मध्ये प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आणला. कथा कोणाची? हरिश्चंद्राची. एकोणीस वर्षांपूर्वी दादरच्या अंगणात ज्या राजाला फाळक्यांनी चालते केले, त्या राजाला आता वाचा फुटली होती, पण ती दुसऱ्याच्या घरी. पुढे कोल्हापूर सिनेटोनने फाळक्यांना बोलावले आणि १९३७ मध्ये ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव खराखुरा बोलपट आला. त्यांचे वय सदुसष्ट होते. १९३९ मध्ये मुंबईत भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव झाला, त्यांचा सत्कार झाला. नंतर पुन्हा नाशिक.

आणि पुन्हा महायुद्ध. कच्ची फिल्म सरकारच्या ताब्यात गेली, परवान्याशिवाय चित्रपट काढता येईना. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी फाळक्यांनी परवाना मागितला आणि तो नाकारला गेला, असे त्यांचे चरित्र सांगणारे लिहितात. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले. दुसऱ्या युद्धात नळ दुसऱ्यांदा बंद झाला होता. मला या शेवटात परवाना नाकारल्याचे तेवढे आश्चर्य वाटत नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो मागितला, याचे वाटते.

आता ‘आपली सोय’ म्हणालो होतो त्याकडे येतो. गोष्ट १९१३ ला संपवली की सगळे गोड होते. २००९ मध्ये आलेला परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा चित्रपट मला अतिशय आवडतो, पण तोही लंडनच्या दुसऱ्या वारीच्या आसपास आपला हसतमुख निरोप घेतो. कलाकृतीने कुठे थांबायचे हा तिचा अधिकार आहे, मी तक्रार करीत नाही. पण समाज म्हणून आपणही तिथेच थांबलो. १९६९ मध्ये शासनाने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला. गोरेगावच्या चित्रनगरीला त्यांचे नाव आहे, नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक आहे. हे सारे यशाला वाहिलेले आहे. कर्तबगार माणूस काळाच्या मागे पडतो तेव्हा त्याला कसे वागवायचे, हे मात्र या गोष्टीतून आपण शिकलो नाही, कारण तो भाग आपण ऐकलाच नाही.

कोणी म्हणेल, कलावंताला त्याच्या उत्तम कामावरून जोखावे, पडत्या काळावरून नव्हे. मान्य. पण मी जोखण्याबद्दल बोलतच नाही. मी ओळखण्याबद्दल बोलतो आहे. माणूस जिंकताना बहुधा साऱ्यांसारखाच दिसतो. तो कोण आहे हे हरताना कळते.

हे मी इतक्या आग्रहाने का लिहितो आहे त्याचे एक घरगुती कारणही आहे, ते सांगून टाकतो. आमच्या तालुक्याच्या गावी माझ्या आजोबांचा फोटो स्टुडिओ होता. कृष्णधवल फोटो, डार्करूम, हायपोचा वास, पेन्सिलीने निगेटिव्हवर केलेले रिटचिंग. पंचक्रोशीतली लग्ने त्यांच्या कॅमेऱ्यातून गेली. रंगीत फोटोंचा काळ आला, शहरात यंत्रावर प्रिंट निघू लागल्या. वडिलांनी सांगून पाहिले, पण आजोबांनी मानले नाही. “मशिनीत घालून काढलेल्या फोटोत माझे काय?” असे ते म्हणत. दुकान बंद पडले. माझ्या लहानपणी ते ओसरीवर बसलेले असत, आणि आम्ही नातवंडे त्यांना हट्टी म्हातारा समजत असू. ते गेल्यावर घराला रंग काढायचा होता. माळ्यावर निगेटिव्हच्या पेट्या होत्या, तीस-पस्तीस वर्षांच्या. त्या मीच खाली उतरवल्या आणि मीच भंगारवाल्याच्या गाडीवर चढवल्या. तेव्हा मी बारावीत होतो. पेटीमागे दहा रुपये आले.

परीक्षकांच्या प्रश्नानंतर मी फाळक्यांविषयी वाचू लागलो तेव्हा एक गोष्ट समजली. ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून आपण जे दोन-चार तुकडे पाहतो ते १९१३ चे नसून त्यांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या चित्रपटाचे असावेत, असे बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या चित्रपटाच्या नावाने आपण एवढा उत्सव करतो तो बहुधा आपल्याजवळ नाहीच. पुण्याला १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने नाशिकला जाऊन, घरोघर विचारून, जे सापडले ते गोळा केले, म्हणून एवढे तरी उरले. बाकीचे कुठे गेले? कुठल्या तरी माळ्यावरून, कुणी तरी माझ्यासारख्यानेच, ते खाली उतरवले असेल. त्या दिवशी मला ‘काळाच्या पडद्याआड गेले’ या वाक्प्रचाराचा अर्थ कळला. आपण वस्तू भंगारात देतो आणि नाव काळाचे घेतो.

म्हणून माझी वाचकांना, विशेषतः स्पर्धांना भाषणे लिहून देणाऱ्या आमच्या प्राध्यापकांना, एक विनंती आहे. पुढच्या वर्षी या विषयावर कोणी बोलणार असेल तर त्याला १९१३ नंतरचे फाळके द्यावेत. काशीला रुसून गेलेले, पगारावर परतलेले, बोलपटाच्या काळात मूकपट काढत बसलेले आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी परवान्याचा अर्ज करणारे. टाळ्या कदाचित कमी पडतील. सरस्वतीबाईंना दागिन्यांसाठी नव्हे तर यंत्रासाठी स्टेजवर आणावे. आणि दुसरे असे, की आपापल्या गावी बंद पडलेला एखादा फोटो स्टुडिओ असेल, एखादे मोडकळीला आलेले चित्रगृह असेल, तर तिथल्या म्हाताऱ्या माणसाशी जाऊन बोलावे, आणि माळ्यावर काय आहे ते विचारावे. आपल्या ग्रंथालयात दोन कपाटे रिकामी आहेत हे मी पाहून आलो आहे. ग्रंथपालांची तयारी आहे.

त्या परीक्षकांची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. झाली असती तर सांगितले असते, की सर, त्रेचाळिसाव्या वर्षी ते वारले नव्हते. आम्हीच त्यांच्याकडे पाहायचे थांबलो होतो.